गवाक्ष, जहाजावरील

जहाजाच्या बाजूच्या कवचात किंवा डेकवरील बांधकामाच्या भिंतीत प्रकाश व हवा आत येण्यासाठी ठेवलेल्या, जाड काच बसविलेल्या आणि पाणी आत शिरू नये अशा रीतीने घट्ट बंद करता येणाऱ्या वर्तुळाकार खिडकीस जहाजावरील गवाक्ष म्हणतात. इंग्रजीत तिला पोर्टहोल हे नाव रूढ असून जहाजबांधणीच्या नियमांत व तांत्रिक लेखनात साइड स्कटल ही संज्ञा वापरली जाते. गवाक्ष हा मूळ संस्कृत शब्द असून त्याचा शब्दशः अर्थ गाईचा किंवा बैलाचा डोळा असा आहे. कार्ले व अजिंठा येथील लेण्यांच्या दर्शनी भागावरील कमानदार चैत्यगवाक्षे सर्वपरिचित आहेत. गोल खिडकीस बैलाच्या डोळ्याची उपमा यूरोपातही दिलेली आढळते. लहान गोल खिडकीस फ्रेंच भाषेत याच अर्थाचे नाव आहे आणि इंग्रज खलाशी जहाजावर बसविलेल्या जाड काचेच्या भिंगास बुल्स आय म्हणत. त्यामुळे जहाजावरील गोल खिडकीस गवाक्ष हा शब्द अर्थाच्या दृष्टीनेही चपखल बसतो.

जहाज पाण्यावर तरंगते ते त्याच्या कवचाने पाणी बाहेर रोखून धरल्यामुळे. या कवचात पाडलेले प्रत्येक भोक आतील माणसांची सोय करते व त्याच वेळी जहाजाच्या सुरक्षिततेत एक उणीव निर्माण करते. गवाक्षाचा आकार, काचेची जाडी, चौकटीची घडण, त्याचे जलरेषेपासूनचे अंतर आणि ते बंद ठेवण्यासंबंधीचे नियम या सर्वांचा उद्देश ही उणीव शक्य तितकी कमी करणे हा आहे. गोल आकारामुळे कवचाचे बळ टिकण्यास मदत होते. परंतु पाण्यापासून रक्षण होते ते गवाक्ष बंद असल्यामुळे. या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत केली जाते.

पूर्वेतिहास : पोर्ट या शब्दाचा संबंध द्वार या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी असून जहाजाच्या संदर्भात तो प्रथम तोफांच्या भोकांना उद्देशून वापरला जाई. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून यूरोपीय युद्धनौकांच्या बाजूंना, खालच्या डेकच्या पातळीवर, चौकोनी भोके पाडून त्यांतून तोफा बाहेर काढण्याची पद्धत रूढ झाली. या भोकांना वर उघडणारी लाकडी झाकणे असत. जड तोफा जहाजाच्या खालच्या भागात ठेवता आल्याने जहाज स्थिर राहण्यास मदत झाली, पण भोके जलरेषेच्या जवळ आली. इंग्लंडची मेरी रोझ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी आणि स्वीडनची व्हासा ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी तिच्या पहिल्याच सफरीत बुडाली. दोन्ही प्रसंगी जहाज कलल्यानंतर तोफांच्या उघड्या भोकांतून पाणी आत शिरले. गवाक्षांसंबंधीच्या पुढील काळातील बहुतेक नियमांचे मर्म या दोन दुर्घटनांत दिसून येते.

मराठ्यांच्या आरमारातील गुराब या जहाजाचे वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी केले आहे. त्यानुसार गुराबेच्या पुढील भागात आडव्या भिंतीत भोके पाडून त्यांतून दोन मोठ्या तोफांची तोंडे पुढे काढलेली असत व त्या जहाजाच्या नाकाडावरून मारा करीत. बाजूंच्या तोफा त्यामानाने लहान असत. गलबत हे गुराबेपेक्षा लहान व हलके असे. अशा जहाजांवर माणसांचा वावर मुख्यतः उघड्यावर असल्यामुळे बाजूच्या खिडक्यांची गरज फारशी भासत नसे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेल्या मोठ्या सागवानी युद्धनौकांची गोष्ट वेगळी होती. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ट्रिंकोमाली ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईस पाण्यात सोडण्यात आली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. या काळातील युद्धनौकांवर तोफांची भोके हाच बाजूने उजेड व वारा येण्याचा मुख्य मार्ग असे. समुद्र खवळला की झाकणे लावावी लागत व आत काळोख होई. कप्तानाच्या दालनाला जहाजाच्या मागील बाजूस चौकोनी खिडक्या असत आणि वादळात त्यांवर लाकडी फळ्या बसवीत. अशा फळीस डेडलाइट, म्हणजे उजेड अडविणारी झडप, असे नाव पडले व तेच नाव पुढे गोल गवाक्षाच्या आतील धातूच्या झडपेलाही मिळाले. डेकखाली उजेड नेण्यासाठी डेकच्या फळ्यांत काचेचे लोलक बसविण्याचीही पद्धत होती. लोलकाचा वरचा पृष्ठभाग डेकच्या पातळीत असे व खालचे निमुळते टोक प्रकाश सर्व बाजूंस पसरवी. लाकडी जहाजात उघड्या ज्योतीचा दिवा नेहमीच धोक्याचा असल्याने या साध्या योजनेस मोठे महत्त्व होते.

एकोणिसाव्या शतकात लोखंडी कवच व वाफेचे एंजिन आले आणि उतारू वाहून नेणाऱ्या मोठ्या आगबोटी बांधल्या जाऊ लागल्या. जहाजाच्या दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा आल्या व प्रत्येक खोलीस उजेड आणि हवा देण्याची गरज निर्माण झाली. धातूच्या पत्र्यात पाडलेले, धातूची चौकट व जाड काच असलेले गोल गवाक्ष याच काळात सार्वत्रिक झाले.

गोल आकाराची कारणे : गवाक्ष गोल असण्याचे पहिले कारण काचेपेक्षा कवचाशी अधिक निगडित आहे. समुद्रात चालणारे जहाज ही एक लांब, पोकळ तुळई समजता येते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला म्हणजे मध्यभाग उचलला जातो व टोके झुकतात. माथे दोन्ही टोकांखाली आले म्हणजे मध्यभाग झुकतो. त्यामुळे डेक व तळ यांवर आलटून पालटून ताण व दाब पडतो, तर बाजूच्या पत्र्यांवर यांबरोबरच कर्तन प्रेरणाही कार्य करतात. अशा पत्र्यात भोक पाडले की जी प्रेरणा त्या जागेतून जावयाची, ती भोकाला वळसा घालून कडेने जाते आणि कडेजवळ प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा, वाढते.

ही वाढ किती होते याचे गणित जर्मन अभियंते कीर्श यांनी १८९८ मध्ये मांडले. एका दिशेने ताणलेल्या रुंद पत्र्यातील लहान वर्तुळाकार भोकाच्या कडेवर प्रतिबल सर्वसाधारण प्रतिबलाच्या तिप्पट होते. ब्रिटिश अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार भोकांसाठी सूत्र दिले. लंबवर्तुळाचा ताणाच्या दिशेला काटकोनात असलेला अक्ष दुसऱ्या अक्षाच्या दुप्पट असेल, तर प्रतिबल पाचपट होते. भोक जसजसे चिरेसारखे अरुंद होते, तसतशी ही पट झपाट्याने वाढते. चौकोनाच्या टोकदार कोपऱ्याजवळही हेच घडते. तेथे प्रतिबल एका बिंदूपाशी एकवटते व वारंवार उलटसुलट पडणाऱ्या भारामुळे धातू थकून तडा जाण्यास सुरुवात होते.

याच सूत्रानुसार जहाजाच्या लांबीच्या दिशेने आडवे ठेवलेले लंबवर्तुळ, केवळ लांबीच्या दिशेचा ताण लक्षात घेतल्यास, वर्तुळापेक्षाही सरस ठरते. दुप्पट लांबीच्या अशा भोकाच्या कडेवर प्रतिबल दुप्पटच होते. परंतु समुद्रात प्रेरणांची दिशा एकच राहत नाही. शुद्ध कर्तनात वर्तुळाकार भोकाच्या कडेवरील प्रतिबल चौपट होते व ते तिरप्या दिशांत असते. वर्तुळास कोणतीही दिशा विशेष अनुकूल वा प्रतिकूल नसल्यामुळे बदलत्या प्रेरणांसाठी तो सर्वांत विश्वसनीय आकार ठरतो. म्हणूनच नियमांत लंबगोल गवाक्षांना मुभा असली, तरी व्यवहारात वर्तुळाकार गवाक्षच बहुसंख्य आहेत. वर्तुळाने प्रतिबलाची वाढ नाहीशी होत नाही, ती मर्यादित राहते. यासाठी गवाक्षाभोवती जाड धातूची चौकट बसवून कापलेल्या पत्र्याची काही अंशी भरपाई करतात, लगतच्या दोन गवाक्षांत पुरेसे अंतर ठेवतात आणि सर्वांत वरच्या डेकला लागून असलेल्या, अधिक ताण सोसणाऱ्या पत्र्यांच्या पट्ट्यात भोके शक्यतो टाळतात.

कोपऱ्यांची उपेक्षा किती महाग पडते, हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घाईने बांधलेल्या लिबर्टी प्रकारच्या जहाजांवरून दिसून आले. या जहाजांचे पत्रे रिव्हेटांऐवजी वितळजोडाने जोडलेले होते. त्यांतील अनेकांच्या डेकवर मालाच्या तोंडाच्या चौकोनी कोपऱ्यांपासून तडे गेले व काही जहाजे दुभंगली. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद व जोडकामातील दोष ही कारणेही त्यामागे होती. तथापि कोपरे गोलाकार व भक्कम केल्यावर तडे जाण्याचे प्रमाण कमी झाले. हाच धडा विमानविद्येस १९५४ मध्ये मिळाला. कॉमेट या जेट विमानांच्या दोन अपघातांनंतर केलेल्या चाचण्यांत केबिनीच्या कवचातील झरोक्यांच्या कोपऱ्यांजवळ धातू थकून तडे जातात, असे आढळले. त्यानंतरच्या विमानांच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोलाकार ठेवण्यात येऊ लागले.

दुसरे कारण काचेचे आहे. काच दाब चांगला सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. वर्तुळाकार तबकडी कडेने सर्वत्र सारखी टेकलेली असल्याने पाण्याच्या दाबाखाली तिचा बाक सर्व दिशांनी सारखा येतो. तिसरे कारण बांधणीतील सुकरतेचे आहे. गोल चौकट लेथवर एकाच मांडणीत अचूक कातता येते, कडेची रबरी पट्टी सर्वत्र सारखी दाबली जाते व गळतीची सुरुवात जेथे होते तो कोपराच येथे नसतो.

रचना : उघडणाऱ्या गवाक्षाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात. कवचाच्या भोकात वितळजोडाने, रिव्हेटांनी किंवा बोल्टांनी पक्की केलेली मुख्य चौकट हा पहिला भाग होय. तिला बिजागरीने जोडलेली व आतील बाजूस उघडणारी काचेची चौकट हा दुसरा. काचेच्या चौकटीच्या खोबणीत रबराची पट्टी असते आणि मुख्य चौकटीवरील उंच कड तीत रुतून सांधा जलाभेद्य होतो. काचेची चौकट आवळण्यासाठी आडवे वळणारे बोल्ट व हाताने फिरविता येणारे पंखाचे नट असतात. तिसरा भाग म्हणजे काचेच्या आतील बाजूस बिजागरीवर बसविलेली धातूची भरीव झडप. काच फुटली किंवा समुद्र खवळला, तर ही झडप लावून आवळतात. बाहेरच्या बाजूस गवाक्षाच्या वर पन्हळीसारखी एक वाकडी पट्टी बसवितात. वरून ओघळणारे पाणी तिच्यामुळे दोन्ही बाजूंस वळते. तिच्या आकारावरून खलाशी तिला भुवई म्हणतात.

गवाक्ष आत उघडत असल्याने बाहेरील पाण्याचा दाब काचेच्या चौकटीस तिच्या बैठकीपासून दूर ढकलतो. म्हणजे लाटेचा सर्व भार शेवटी बिजागरी व बोल्ट यांच्यावर येतो. एक नट सैल राहिला, तर उरलेल्यांवरील भार वाढतो व रबरी पट्टी एका बाजूस उघडी पडते. खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुड्या वाहनांच्या खिडक्यांची रचना याच्या उलट असते. त्यांत शंकूच्या आकाराचा जाड ॲक्रिलिक ठोकळा रुंद बाजू बाहेर ठेवून बसवितात. दाब जितका वाढेल तितका तो बैठकीत अधिक घट्ट बसतो. जहाजावरील गवाक्ष मात्र उघडण्यासाठी केलेले असते व हीच त्याची मूळ मर्यादा आहे.

चौकटीसाठी पितळ, कासे, तोफधातू, पोलाद किंवा ॲल्युमिनियमाची मिश्रधातू वापरतात. पितळ व कासे खाऱ्या हवेत गंजून झिजत नाहीत, पण त्यांवर हिरवा कळंक चढतो. शिवाय ती पोलादी कवचास लागून असल्यास खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात विद्युत् रासायनिक क्रियेने लगतचे पोलाद अधिक झपाट्याने गंजते. यामुळे दोहोंमध्ये निरोधक थर ठेवतात किंवा चौकटही पोलादाचीच करतात.

काच आकारात कापून व तिच्या कडा घासून झाल्यावर ६०० से. पेक्षा अधिक तपमानापर्यंत तापवितात आणि हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी गोठतो व आतील भाग नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब निर्माण होऊन काचेची ताण सोसण्याची क्षमता वाढते. ही काच नंतर कापता येत नाही व फुटल्यास तिचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात.

काचेची जाडी : आंतरराष्ट्रीय मानकानुसार गवाक्षांचे ए, बी व सी म्हणजे भारी, मध्यम व हलके असे तीन प्रकार मानलेले आहेत. ए प्रकारच्या २०० मिमी. व्यासाच्या गवाक्षास १० मिमी. जाडीची आणि ४०० मिमी. व्यासाच्या गवाक्षास १९ मिमी. जाडीची काच लागते. ४०० मिमी. व्यासासाठी बी प्रकारात १२ मिमी. व सी प्रकारात १० मिमी. जाडी पुरते. ४०० मिमी. व्यासाच्या या तीन काचांसाठी मान्य असलेला कमाल दाब अनुक्रमे सु. २९७, ११८ व ८२ किलोपास्काल म्हणजे सु. ३०, १२ व ८ मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. गवाक्ष जलरेषेच्या वर असूनही एवढ्या दाबाचा विचार करावा लागतो, कारण आदळणाऱ्या लाटेचा क्षणिक दाब स्थिर पाण्याच्या दाबाहून कितीतरी अधिक असतो.

काचेस सोसणारा दाब जाडी व व्यास यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून व्यास दुप्पट केल्यास तोच दाब सोसण्यासाठी जाडीही दुप्पट करावी लागते आणि काचेचे वजन आठपट होते. गवाक्ष लहान ठेवण्यामागे हे व्यावहारिक कारण आहे. भाररेषाविषयक नियमांनुसार ०·१६ चौ. मी. पर्यंत क्षेत्रफळाच्या गोल वा लंबगोल भोकासच साइड स्कटल म्हणतात. हे क्षेत्रफळ सु. ४५० मिमी. व्यासाच्या वर्तुळाचे आहे. याहून मोठे भोक गोल असले तरी ते खिडकी समजले जाते.

दाब व प्रवाह : उघड्या गवाक्षाचा धोका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, जलाशयाच्या विस्तारावर नाही. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाच्या जलाशयात एक मीटर खोलीवर जेवढा दाब असतो, जवळजवळ तेवढाच अरबी समुद्रातही एक मीटर खोलीवर असतो. खारे पाणी थोडे जड असल्याने समुद्रातील दाब सु. २·५ टक्के अधिक भरतो, इतकेच. ३०० मिमी. व्यासाच्या बंद गवाक्षाचा मध्य समुद्राच्या पृष्ठाखाली १ मी. गेला, तर त्यावर सु. ७२ किग्रॅ. वजनाएवढी प्रेरणा पडते. ही प्रेरणा काच व बोल्ट सहज सोसतात. मात्र तेच गवाक्ष उघडे असेल, तर त्यातून मिनिटास सु. ११ घ. मी. म्हणजे साधारण तितकेच टन पाणी आत येते. अशी दहा गवाक्षे उघडी राहिल्यास दहा मिनिटांत हजार टनांहून अधिक पाणी आत शिरू शकते. शिवाय हे पाणी कललेल्या बाजूस साचून कल आणखी वाढविते व त्यामुळे उघडी असलेली वरच्या रांगेतील गवाक्षेही पाण्याखाली जातात.

स्थान व नियम : १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा कराराप्रमाणे गवाक्षाची खालची कड भारित जलरेषेच्या वर निदान जहाजाच्या रुंदीच्या २·५ टक्के किंवा ५०० मिमी. यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या अंतरावर असावी लागते. २० मी. रुंदीच्या जहाजात हे अंतर अर्धा मीटर येते. असे जहाज केवळ ३ अंश कलले, तरी सर्वांत खालच्या गवाक्षाची कड पाण्यास टेकते. म्हणजे किमान उंचीचा नियम गवाक्षास नेहमी कोरडे ठेवील अशी अपेक्षाच नाही. बंद करण्याची व्यवस्था हाच या नियमाचा गाभा आहे. मुख्य डेकखालील जागांच्या गवाक्षांना आतून बिजागरीची झडप असणे म्हणूनच आवश्यक ठरविले आहे.

समुद्रावरील जीवितरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातही याविषयी तरतुदी आहेत. ठराविक पातळीखालील गवाक्षे कप्तानाच्या संमतीवाचून कोणासही उघडता येऊ नयेत अशी त्यांची रचना असावी लागते. सर्वांत खालची गवाक्षे बंदर सोडण्यापूर्वी कुलूपबंद करून त्याची नोंद जहाजाच्या रोजनाम्यात करावयाची असते. केवळ माल भरण्याच्या जागांत गवाक्षे ठेवता येत नाहीत, कारण तेथे ती उघडी राहिल्याचे किंवा फुटल्याचे कोणाच्या लक्षात येणार नाही. भारतात नौवहनविषयक नियमांची अंमलबजावणी मुंबई येथील नौवहन महासंचालनालयामार्फत होते. जहाजांची तांत्रिक तपासणी व वर्गीकरण करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था १९७५ मध्ये स्थापन झाली असून तिचे मुख्य कार्यालयही मुंबईतच आहे.

तपासणीच्या पद्धती साध्या आहेत. चौकटीच्या उंच कडेवर खडू घासून गवाक्ष आवळतात व पुन्हा उघडून रबरी पट्टीवर खडूची अखंड रेघ उमटली आहे का ते पाहतात. रेघ जेथे तुटते तेथे गळती संभवते. बाहेरून पाण्याचा जोरदार झोत मारूनही परीक्षा घेतात. रंगकाम करताना रबरी पट्टीवर व बोल्टांच्या आट्यांवर रंग चढणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. रबर त्यामुळे कडक होते, नट पूर्ण आवळले जात नाहीत आणि बाहेरून नवे दिसणारे गवाक्ष गळू लागते.

दुर्घटना : एम्प्रेस ऑफ आयर्लंड हे उतारू जहाज २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीत धुक्यामध्ये स्टोरस्टाड या नॉर्वेजियन जहाजाशी झालेल्या टकरीनंतर सु. १४ मिनिटांत बुडाले व त्यावरील १,४७७ माणसांपैकी १,०१२ मृत्युमुखी पडली. टकरीने पडलेले भगदाड हे मुख्य कारण होते. परंतु अनेक उतारूंनी हवेसाठी उघडी ठेवलेली गवाक्षे जहाज कलताच पाण्याखाली गेली आणि बुडण्याचा वेग वाढला. ब्रिटानिक हे टायटॅनिकचे भगिनी जहाज पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरात होते. टायटॅनिकच्या अनुभवानंतर त्याच्या जलाभेद्य आडभिंती अधिक उंच केलेल्या होत्या. तरीही २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ईजियन समुद्रात सुरुंगावर आदळल्यावर ते ५५ मिनिटांत बुडाले. रुग्णांच्या दालनांत वारा खेळावा म्हणून खालच्या डेकवरील अनेक गवाक्षे उघडलेली होती. त्यांतून आलेल्या पाण्यास आडभिंतींचा अडसर राहिला नाही. या घटनेत ३० माणसे दगावली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठी उतारू दुर्घटना १७ जुलै १९४७ रोजी घडली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास ही बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्याने कलंडली व सहाशेहून अधिक लोक बुडाले. गवाक्षे हे त्या दुर्घटनेचे कारण नव्हते. परंतु बोट कलू लागल्यानंतर काही बंद करण्यास किंवा आवळण्यास सवड उरत नाही, हे त्या प्रसंगाने दाखविले. गवाक्षे निघण्यापूर्वीच बंद करण्याच्या नियमाचे समर्थन यातच आहे.

प्रकाश व वायुवीजन : गवाक्षे उघडी ठेवण्याचा मोह निष्काळजीपणापेक्षा उष्म्यामुळे अधिक होतो. मुंबईहून सुएझमार्गे इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटींतील उतारूंना तांबड्या समुद्रातील उष्मा असह्य होई. त्यासाठी गवाक्षातून बाहेर डोकावणारी पत्र्याची अर्धगोल पन्हळ बसवीत. जहाजाच्या गतीमुळे येणारा वारा ती अडवून खोलीत वळवी. हिंदुस्थानकडे येताना डावीकडील आणि परतताना उजवीकडील खोल्या उन्हापासून दूर म्हणून अधिक पसंत केल्या जात व त्यावरून इंग्रजीतील पॉश हा शब्द निघाला, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंची समुद्रमार्गे वाहतूक १९९५ पर्यंत चालू होती. मराठवाड्यासारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशातील यात्रेकरूंना गवाक्षाचा परिचय बहुधा अशा प्रवासातच होत असे.

विजेच्या वापराने गवाक्षाचे एक काम कमी केले. १८८५ मध्ये बांधलेल्या वैतरणा या आगबोटीवर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला विजळी म्हणत. मांडवीहून मुंबईस येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये ती वादळात सापडून सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. दिव्यांमुळे जहाजाच्या आत उजेड आणण्यासाठी कवचात भोक पाडण्याची गरज उरली नाही. यांत्रिक वायुवीजनाने हवेसाठीही तसेच झाले. खोल्यांत थंड हवा सोडणाऱ्या फिरत्या तोटीस इंग्रजीत पंखा लूव्हर म्हणतात. हे नाव आपल्याकडील पंख्यावरूनच आले आहे. वातानुकूलन आल्यानंतर अनेक जहाजांवर न उघडणारी गवाक्षे बसविण्यात येऊ लागली व सुरक्षिततेच्या दृष्टीने तो मोठाच लाभ ठरला.

सद्यःस्थिती : आधुनिक उतारू जहाजांवर वरच्या मजल्यांना मोठ्या आयताकृती खिडक्या व सज्जे असतात. हे मजले जलरेषेपासून उंच असतात व तेथील बांधकामावर कवचाइतका भार येऊ न देण्याची योजना केलेली असते. कवचाच्या खालच्या पट्ट्यात मात्र आजही गोल गवाक्षेच दिसतात. आधुनिक युद्धनौकांच्या कवचात ती जवळजवळ नसतात, कारण युद्धकाळात विषारी वायू किंवा किरणोत्सर्गी धूळ आत येऊ नये म्हणून आतील भाग पूर्णपणे बंद ठेवावा लागतो. रात्री गवाक्षांतून बाहेर पडणारा उजेड पहाऱ्यावरील माणसाच्या दृष्टीस बाधक होऊ नये, म्हणून मालवाहू जहाजांवरही पुढील बाजूची गवाक्षे झडपा किंवा पडदे लावून झाकतात.

जुनी जहाजे मोडीत निघाल्यावर पितळी गवाक्षांना चांगली किंमत येते. मुंबईतील दारूखाना भागात जहाजे मोडण्याचा व्यवसाय दीर्घकाळ चालत आला आहे व तेथून किंवा गुजरातमधील अलंग येथून आलेली गवाक्षे चोर बाजारातील दुकानांत मिळतात. आरशाची चौकट किंवा लहान मेजाचा पृष्ठभाग म्हणून त्यांचा उपयोग केला जातो. अशा गवाक्षाची झडप व आवळण्याचे नट पुष्कळदा काढून टाकलेले असतात. शोभेसाठी गोल चौकट व काच एवढेच पुरते. समुद्रावर मात्र गवाक्षाचे खरे मोल या काढून टाकलेल्या भागांतच असते.